कलेतिहासाचा ऑनलाइन अभ्यासक्रम: प्रकल्प नोंदी

६ जानेवारी

पहिला निर्णय कृतींच्या संख्येचा. अभ्यासक्रम पदवीच्या विद्यार्थ्यांसाठी, एका सत्राचा, १२ आठवड्यांचा. वर्गात स्लाइड सरकवत एका सत्रात शे-दीडशे कृती होतात, कारण खोली अंधारी असते आणि पाहायला दुसरे काही नसते. घरी त्याच पडद्यावर दहा गोष्टी उघड्या असतात. चित्र क्षणात कळल्यासारखे वाटते आणि बोट पुढे सरकते. म्हणून कृती ३६, आठवड्याला तीन: एक मुख्य, दोन तिच्याशी ताडून पाहायला. चित्रासमोर थांबायला शिकवणे हे या अभ्यासक्रमाचे काम आहे, बाकी सगळे त्यामागून येते.

गुहाचित्रांपासून आजपर्यंत अशी सलग मांडणी ठेवलेली नाही. तशा मांडणीत पहिला महिना प्राचीन काळातच जातो आणि विसावे शतक शेवटच्या आठवड्यात कोंबावे लागते. शिवाय युरोपचा कालक्रम कणा धरला की अजिंठा, सोंगकालीन चीन, मुघल दरबार हे सगळे ‘इतरत्र’ या खात्यात पडते. आठवडे माध्यमांवर आणि प्रश्नांवर बांधले आहेत: वर्णन, आकारमान, पान, गुंडाळी, भिंत, ठसा, तैलरंग आणि आरसा, धातूची मूर्ती, वास्तू, कृतीचे पुढचे आयुष्य, आधुनिक चित्र, आणि शेवटचा आठवडा अंतिम लेखनाचा. त्या आठवड्यातल्या तीन कृती अनोळखी असतील. कालक्रम सोडून चालणार नाही. त्यासाठी वेगळी कालपट्टी आहे, रिकाम्या ३६ जागांची, आणि दर आठवड्याच्या शेवटी विद्यार्थी तिच्यावर तीन कृती स्वतः बसवतो.

९ जानेवारी

आठवड्याचे १८० मिनिटांचे गणित: व्हिडिओ २०, नुसते पाहणे ४५, वाचन ६०, चर्चा ३०, लेखन २५. पाहण्याची ४५ मिनिटे वेळापत्रकात लिहून ठेवलीच पाहिजेत. ती ‘जमेल तेव्हा’वर सोडली तर वाचन ती गिळते, कारण वाचनावर प्रश्न येतात हे विद्यार्थ्याला ठाऊक असते. तेव्हा पाहण्यावरही प्रश्न हवेत.

१४ जानेवारी

प्रतिमांची यादी. एका कृतीला एक ओळ, आणि रकाने असे: कर्ता, शीर्षक, काळ, माध्यम, उंची × रुंदी सेंटिमीटरमध्ये, संग्रह, संग्रहातला नोंदणी क्रमांक, प्रतिमेचा स्रोत, परवाना, तपासल्याची तारीख. नोंदणी क्रमांकाचा रकाना सर्वांत मोलाचा. संग्रहालयाचे संकेतस्थळ नव्याने बांधले की जुने दुवे मरतात, क्रमांक मात्र तोच राहतो. जपानी चित्रकार होकुसाईच्या ‘लाट’ या छापचित्राचा न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन म्युझियममधला ठसा ‘जेपी १८४७’ या क्रमांकाने केव्हाही सापडेल.

परवान्यांचे काम पूर्वीपेक्षा खूप सोपे झाले आहे. आपल्याकडच्या हक्कमुक्त कृतींच्या प्रतिमा मेट्रोपॉलिटनने फेब्रुवारी २०१७ मध्ये, शिकागोच्या आर्ट इन्स्टिट्यूटने २०१८ मध्ये, क्लीव्हलंडने जानेवारी २०१९ मध्ये आणि स्मिथसोनियनने फेब्रुवारी २०२० मध्ये कोणत्याही अटीशिवाय खुल्या केल्या. आम्स्टरडॅमच्या राइक्सम्युझियमकडेही मोठ्या आकाराच्या प्रतिमा मिळतात. यादी करताना आधी हे संग्रह पाहायचे. तोलामोलाच्या दोन कृतींपैकी एक खुली असेल तर तीच घ्यायची.

घोटाळा होतो तो दोन हक्क एक समजल्याने. कृतीवरचा हक्क वेगळा, तिच्या छायाचित्रावरचा वेगळा. सपाट चित्राच्या हुबेहूब छायाचित्रावर नवा हक्क बऱ्याच ठिकाणी मानत नाहीत. मूर्ती किंवा इमारतीचे तसे नाही. तिथे कोन आणि प्रकाश छायाचित्रकार निवडतो, म्हणून हजार वर्षांच्या मूर्तीचाही कालच काढलेला फोटो परवान्याशिवाय घेता येत नाही. आधुनिक कृतींसाठी कर्त्याचे मृत्यूवर्ष पाहायचे. अमृता शेर-गिल १९४१ मध्ये वारल्या, पिकासो १९७३ मध्ये. हक्क मृत्यूनंतर ५०, ६० की ७० वर्षे टिकतो हे देशागणिक बदलते. पिकासोच्या ‘गेर्निका’ या चित्राची प्रत आपल्या सर्व्हरवर ठेवायची नाही. माद्रिदच्या रेना सोफिया संग्रहालयाने ती बारकाव्यांसह पाहण्याची सोय केली आहे, तिथलाच दुवा द्यायचा.

२१ जानेवारी

फाइलींची तयारी. मूळ फाइल जशी उतरवली तशी एका फोल्डरमध्ये कायमची, तिला हात लावायचा नाही. कामाच्या प्रती तीन:

– यादीसाठी लहान, लांब बाजू ४०० पिक्सेल
– वाचनाच्या पानासाठी मध्यम, १६०० पिक्सेल, जेपेग दर्जा ८५
– झूमसाठी तुकड्यांची, २५६ पिक्सेलच्या चौकोनांत कापलेली

रंगांचा बिघाड बहुतेक वेळा प्रोफाइलमुळे होतो, म्हणजे रंगांचे आकडे कसे वाचायचे हे सांगणाऱ्या फाइलमधल्या माहितीमुळे. मूळ फाइल अ‍ॅडोबी आरजीबीमध्ये असते आणि आकार कमी करणारे सॉफ्टवेअर प्रोफाइल काढून टाकते. मग ब्राउझर ते आकडे एसआरजीबी या पडद्यांच्या नेहमीच्या रंगपद्धतीतले समजून वाचतो आणि लाल-हिरवे रंग विझल्यासारखे दिसतात. क्रम असा ठेवायचा: आधी एसआरजीबीमध्ये रूपांतर, मग आकार, मग जतन, प्रोफाइल आतच ठेवून. मुघल चित्रातले सोने तरीही पडद्यावर पिवळे-तपकिरीच दिसणार. चमक प्रकाशाच्या कोनावर अवलंबून असते आणि सपाट प्रतिमेत कोन एकच असतो. पानावर हे एका वाक्यात सांगायचे.

तुकड्यांच्या फाइली व्हिप्स हे सॉफ्टवेअर वापरून होतात, ब्राउझरमध्ये झूम करून दाखवायला ओपनसीड्रॅगन. १६००० × १२००० पिक्सेलच्या एका प्रतिमेचे सगळ्या पातळ्या धरून सुमारे चार हजार तुकडे होतात. ते सुटे चढवायला गेले की वाटेत जोडणी तुटते आणि मधलेच चौकोन करडे दिसतात. झिप करून चढवायचे आणि सर्व्हरवर उघडायचे.

जे संग्रहालय आयआयआयएफ या नेटवरून प्रतिमा देण्याच्या सामाईक पद्धतीने प्रतिमा देते तिथे यातले काहीच करावे लागत नाही. त्या पद्धतीत प्रतिमेच्या पत्त्यातच सारे काही असते: कोणता भाग, किती आकारात, किती अंश फिरवून, कोणत्या दर्जात. भागाच्या जागी चार आकडे येतात: डावीकडून अंतर, वरून अंतर, रुंदी, उंची. पत्ता बदलला की कात्रण बदलते. मूल्यमापनात हे फार उपयोगी पडणार आहे.

फाइलींना कृतीची नावे द्यायची नाहीत. ‘आठवडा ३, मुख्य’ एवढेच. ओळखण्याच्या प्रश्नात फाइलचे नावच उत्तर सांगून टाकते.

२७ जानेवारी

आठवडा २, आकारमान. पडद्यावर सगळी चित्रे एकाच मापाची होतात. हा ऑनलाइन शिक्षणाचा सर्वांत मोठा तोटा, आणि शब्दांनी तो भरून निघत नाही. ‘३४९ × ७७७ सेंटिमीटर’ वाचून कुणाच्या डोळ्यांपुढे काही उभे राहत नाही.

उपाय म्हणून एकच पट्टी. ‘गेर्निका’च्या जागी नुसती रिकामी चौकट, १००० पिक्सेल रुंद. त्याच प्रमाणात १७० सेंटिमीटर उंचीचा माणूस २१९ पिक्सेल उंच होतो, ‘मोनालिसा’ (७७ × ५३ सेंटिमीटर) ६८ पिक्सेल रुंद, आणि मुघल चित्रकार बिचित्रचे जहांगीरचे सुमारे १८ सेंटिमीटर रुंदीचे चित्र जेमतेम २३ पिक्सेल. पट्टीनंतरचा स्वाध्याय पडद्याबाहेरचा: दोरी आणि मोजपट्टी घेऊन यान व्हान आइकच्या ‘आर्नोल्फिनी’ या चित्राचा आयत (८२.२ × ६० सेंटिमीटर) भिंतीवर आखायचा आणि त्यातला गोल आरसा केवढा असेल ते अंदाजाने काढायचे. त्या आरशाच्या चौकटीत आणखी दहा गोल आहेत आणि प्रत्येकात एक प्रसंग रंगवलेला आहे. हा स्वाध्याय केलेल्या माणसाला चित्रकाराची कारागिरी समजावून सांगावी लागत नाही.

माणसाची आकृती प्रत्येक कृतीच्या पानावर कोपऱ्यात ठेवायची, फक्त दुसऱ्या आठवड्यापुरती नाही.

४ फेब्रुवारी

आठवडा ३, पान. मुख्य कृती बिचित्रचे जहांगीरचित्र, सु. १६१५–१८, वॉशिंग्टनच्या फ्रीअर गॅलरीतले. कलेतिहासकार पानोफ्स्कीच्या चित्र वाचण्याच्या तीन पायऱ्या शिकवायला याहून चांगले चित्र मिळणे कठीण: आधी जे दिसते ते, मग ते कोण आणि काय, मग त्याचा त्या काळातला अर्थ. विद्यार्थी थेट तिसऱ्या पायरीवर उडी मारतात आणि ‘सम्राटाची नम्रता’ असे लिहून मोकळे होतात. म्हणून तीन फेऱ्या, आणि मूडल या अभ्यासक्रम चालवण्याच्या प्रणालीत प्रवेशाची अट लावून पुढची फेरी कुलूपबंद.

पहिली फेरी दहा मिनिटांची, शीर्षक लपवलेले. फक्त वस्तू, माणसे, जागा, रंग. एकही विशेषनाम नाही, ‘बहुधा’ नाही. नमुन्यादाखल एवढेच द्यायचे: ‘मोठ्या वाळूच्या घड्याळावर एक पुरुष बसला आहे. डोक्यामागे मोठे सोनेरी वलय. तो पांढऱ्या दाढीच्या वृद्धाला पुस्तक देतो आहे. वृद्धाचे हात वस्त्राने झाकलेले आहेत.’ दुसऱ्या फेरीत नावे उघडतात: सूफी शेख, ऑटोमन सुलतान, इंग्लंडचा पहिला जेम्स आणि सर्वांत खाली हातात चित्र धरलेला खुद्द चित्रकार. तिसऱ्या फेरीत प्रश्न: पुस्तक कुणाला मिळते, कोण फक्त पाहत राहतो, सम्राटाच्या बैठकीतून वाळू का गळते, आणि चित्रकाराने स्वतःची सही नेमकी पायाखालच्या चौरंगावर का केली? उत्तरातले प्रत्येक विधान पहिल्या फेरीतल्या एखाद्या नोंदीला बांधलेले हवे. नोंद नाही तर गुण नाही.

पहिल्या फेरीचा मजकूर दृष्टिहीन विद्यार्थ्यांसाठीच्या पर्यायी वर्णनाचाही नमुना ठरतो. प्रत्येक प्रतिमेला दोन वर्णने: एक-दोन ओळींचे छोटे आणि दीडशे शब्दांचे सविस्तर. त्यांत नाव आणि अर्थ येऊ द्यायचे नाहीत, नाहीतर ऐकून शिकणाऱ्याला कुलूपबंद फेऱ्यांचा उपयोग उरत नाही. वर्णन लिहिणारा आणि चित्र निवडणारा वेगळे असावेत. निवडणाऱ्याला जे ठाऊक असते ते त्याला दिसतही असते.

१३ फेब्रुवारी

आठवडा ४, गुंडाळी, म्हणजे उलगडत पाहायचे लांब चित्र. सर्वाधिक वेळ या आठवड्याला दिला आहे, आणि तो सार्थकी लागतो. मुख्य कृती झांग झेदुआनची नदीकाठच्या छिंगमिंग उत्सवाची गुंडाळी, बारावे शतक, बीजिंगच्या राजवाडा संग्रहालयात. माप २४.८ × ५२८.७ सेंटिमीटर.

नेहमीच्या पद्धतीने ही पानात बसवली तर १२८० पिक्सेल रुंदीला ६० पिक्सेल उंची उरते, म्हणजे एक तपकिरी फीत. त्याहून वाईट म्हणजे सगळी गुंडाळी एकदम दिसते. गुंडाळी तशी पाहायची वस्तूच नाही. ती उजवीकडून सुरू होते. डाव्या हाताने उलगडत आणि उजव्याने गुंडाळत जायचे, समोर उघडा असतो फक्त दोन हातांमधला भाग. शहराबाहेरची शांत झाडे आधी, मग नदी, मग कमानीच्या पुलाखाली शिरू पाहणारी नाव, डोलकाठी उतरवायची धांदल, पुलावरून ओरडणारी माणसे. शेवट आधीच दिसला तर पुलाजवळचा ताण नाहीसा होतो.

म्हणून खिडकी ६० सेंटिमीटरची. १२८० पिक्सेलच्या पडद्यावर तिची उंची ५२९ पिक्सेल येते, माणसांचे हातवारे दिसतात, आणि पूर्ण गुंडाळी नऊ खिडक्यांत मावते. फोनच्या ३६० पिक्सेल रुंदीला हीच खिडकी १४९ पिक्सेल उंच होते, ती अपुरी आहे. तिथे ३० सेंटिमीटरची खिडकी ठेवायची, उंची २९८.

ओपनसीड्रॅगनमध्ये चार गोष्टी बदलायच्या. एक, उघडताच पूर्ण चित्र दाखवण्याची सवय काढून उजव्या टोकाच्या चौकटीवर न्यायचे. दोन, कमीत कमी झूम असा बांधायचा की बाहेर पडून सगळे पाहता येणार नाही. तीन, कोपऱ्यातला छोटा नकाशा बंद, कारण त्यात अख्खी गुंडाळी दिसते आणि वरची सगळी मेहनत वाया जाते. चार, डावा बाण पुढे नेईल असा. शेवटच्या खिडकीपर्यंत पोहोचल्यावर पूर्ण दृश्य खुले करायचे आणि तेव्हा विचारायचे: उलगडताना जे जाणवले त्यातले काय या एकत्र दृश्यात दिसत नाही?

१९ फेब्रुवारी

आठवडा ५, भिंत. अजिंठ्याच्या पहिल्या लेण्यातला पद्मपाणी, पाचवे शतक, आणि माझाच्चोचे ‘पवित्र त्रैक्य’ हे फ्लॉरेन्सच्या सान्ता मारिया नोव्हेल्लामधले भित्तिचित्र, सु. १४२७. दोन्हींना सरसकट फ्रेस्को म्हणायची सवय मोडायची. फ्लॉरेन्समध्ये रंग ओल्या चुन्यावर लावला आहे आणि चुना वाळताना तो आत बांधला गेला. अजिंठ्यात माती आणि तंतूंचा गिलावा, त्यावर चुन्याचा पातळ हात आणि कोरड्या पृष्ठभागावर डिंकासारख्या बंधकात कालवलेले खनिज रंग. नुकसानाचे स्वरूपही यामुळे वेगळे होते: अजिंठ्यात गिलाव्यासकट पापुद्रे सुटतात.

माझाच्चोचे चित्र साडेसहा मीटरहून उंच आहे आणि त्याचा लोपबिंदू, म्हणजे खोलीकडे जाणाऱ्या रेषा जिथे मिळतात तो बिंदू, खाली, उभ्या माणसाच्या नजरेच्या उंचीजवळ. पडद्यावर नजर चित्राच्या मध्यावर असते, म्हणून चित्रातली कमान खोल वाटत नाही. चर्चमध्ये उभ्या माणसासह काढलेला फोटो आधी, सुटे चित्र नंतर.

३ मार्च

तुलनेची साधने. कलेतिहासकार व्योल्फलिनच्या काळापासून दोन स्लाइड शेजारी शेजारी ही कलेतिहासाची मूळ पद्धत. मोठ्या पडद्यावर ती चालते. फोनवर प्रत्येक चित्राला १८० पिक्सेल मिळतात, म्हणजे तुलनेला काहीच उरत नाही. तिथे चित्रे एकाखाली एक, आणि प्रत्येकातून त्याच मुद्द्याचे कात्रण.

एचफाइव्हपी या स्वाध्याय बनवण्याच्या साधनातला सरकता पडदा (एकमेकांवर ठेवलेल्या दोन प्रतिमा सरकवून दाखवणारा) दिसायला आकर्षक असतो आणि तो वाटेल तिथे वापरला जातो. दोन भिन्न चित्रांवर तो निरुपयोगी आहे, कारण पडद्याच्या दोन बाजूंना एकमेकांशी संबंध नसलेले तुकडे येतात. तो फक्त एकाच रचनेच्या दोन अवस्थांसाठी: साफसफाईच्या आधी आणि नंतर, क्ष-किरण आणि रंग, किंवा एकाच ठशाच्या दोन प्रती. होकुसाईच्या लाटेसाठी (सु. १८३१) तो नेमका बसतो. दोन संग्रहालयांतल्या प्रती घ्यायच्या, चारही कोपरे जुळवून एकाच मापात कापायच्या. लाकडी ठसा झिजतो तसे शीर्षकाच्या चौकटीच्या रेषेत खंड पडतात, आकाशातली छटा कुठे टिकते, कुठे उडून जाते. विद्यार्थ्याने शोधायचे: यातली आधीची प्रत कोणती, आणि पुरावा कोणता? रंग फिका म्हणजे प्रत उशिराची, असे उत्तर बहुतेक वेळा येते. ते अमान्य, कारण प्रकाशात राहिलेली आधीची प्रतही फिकी होते. रेषेतला खंड ठशाचा असतो, फिकेपणा कागदावरच्या रंगाचा.

१२ मार्च

व्हिडिओ. एका कृतीला एक, सहा-सात मिनिटांचा. तिन्ही एकत्र करायचे नाहीत. एखाद्या कृतीचा काळ किंवा कर्ता बदलला तर तेवढाच भाग पुन्हा करता येतो. सुरुवातीचे दहा सेकंद चित्र स्थिर आणि आवाज नाही. सुरुवातीनंतर वक्त्याचा चेहरा नाही. चित्रावरून कॅमेरा सरकवणे टाळायचे: नेट मंदावले की सरकत्या दृश्यात बारीक रेषा विरघळतात, आणि लघुचित्रात रेषा हेच तर सारे काही असते. एका कात्रणावरून थेट दुसऱ्यावर जायचे, प्रत्येक किमान आठ सेकंद.

आपोआप तयार होणारी उपशीर्षके विशेषनामांची वाट लावतात. नावांची यादी हाताशी ठेवून प्रत्येक ओळ वाचायची. एका मिनिटाच्या व्हिडिओला पाच मिनिटे धरायची.

२४ मार्च

चर्चा आणि मूल्यमापन. ‘या चित्राबद्दल तुम्हाला काय वाटते?’ या प्रश्नाला पहिली तीन उत्तरे येतात आणि बाकीची त्यांचीच रूपे असतात. दोन बदल. प्रत्येकाला चित्राचे वेगळे कात्रण द्यायचे. आणि मूडलमधला प्रश्नोत्तर प्रकारचा फोरम निवडायचा, ज्यात स्वतः लिहिल्याशिवाय इतरांचे दिसत नाही. यात एक अडचण: मूडलमध्ये लिहिलेले दुरुस्त करण्याची मुदत सहसा ३० मिनिटांची असते आणि ती संपेपर्यंत इतरांचे लेखन उघडत नाही. हे सूचनेत लिहिले नाही तर ‘फोरम बंद आहे’ अशा तक्रारी येतात.

गुण: आठवड्याच्या निरीक्षणनोंदी ४०, दोन तुलना ३०, अंतिम लेखन ३०. प्रत्येक तुलना २० पैकी तपासून १५ वर आणायची, तिचे निकष: निरीक्षण ८, निरीक्षणातून निष्कर्ष ६, संदर्भ ४, प्रतिमांची नोंद २. निरीक्षणाला सर्वाधिक गुण हे मुद्दाम. प्रसिद्ध चित्रावर गुळगुळीत निबंध आता कुणालाही यंत्राकडून लिहून घेता येतो, आणि त्यात सहसा चरित्र आणि काळ असतो, चित्र नसते. म्हणून प्रत्येक तुलनेत तीन कात्रणे विद्यार्थ्याने स्वतः कापायची आणि त्यांचे आयआयआयएफ पत्ते जोडायचे. पत्त्यातल्या चार आकड्यांवरून त्याने नेमके कुठे पाहिले ते कळते. कात्रण हाताचे आणि मजकूर चेहऱ्याचा, असे झाले की विचारायला जागा मिळते.

अंतिम लेखनात अनोळखी कृती: कर्ता, काळ, शीर्षक काहीच नाही. ओळखण्याला गुण नाहीत. अभ्यासलेल्या ३३ कृतींपैकी कोणत्या दोहोंशेजारी ती ठेवाल आणि का, एवढेच.

७ एप्रिल

मूर्ती आणि वास्तू. चोळ नटराजाचे त्रिमितीय रूप फोनवर उघडेलच असे नाही, म्हणून सोबत ३० सेकंदांत पूर्ण वळसा दाखवणारा व्हिडिओ. त्रिमितीत एक गोष्ट नक्की दाखवायची: पीठाची भोके, ज्यांतून दांडे घालून मूर्ती मिरवणुकीत नेतात. मिरवणुकीत ती वस्त्रांनी आणि फुलांनी झाकलेली असते, म्हणजे संग्रहालयात दिसणारी उघडी रेषा भक्ताला त्या वेळी दिसतच नाही.

वेरूळच्या कैलासासाठी फोटो पुरत नाहीत. वरून खाली कोरत आणले हे तीन छेदचित्रांत: डोंगराच्या उतारात खोदलेले चर, मध्ये उरलेला खडक, आणि शिखरापासून पायथ्याकडे आलेले कोरीवकाम. बोरोबुदुरला २६७२ शिल्पपट्ट आहेत. त्यांतले बारा पुरेत, पण प्रदक्षिणेच्या क्रमाने.

१६ एप्रिल

आठवडा १०, कृतीचे आयुष्य. रेम्ब्रांटचे ‘नाइट वॉच’, १६४२. १७१५ मध्ये दुसऱ्या जागी बसवण्यासाठी चारही बाजू कापल्या. कापण्याआधीची रचना खेरित लुन्डेन्सने केलेल्या लहान प्रतीत टिकली आहे. तिच्यावर आजच्या चित्राची चौकट आखायची आणि विचारायचे: मधली दोन माणसे आता नेमकी मध्यावर का दिसतात? राइक्सम्युझियमने जानेवारी २०२२ मध्ये या चित्राची ७१७ गिगापिक्सेलची प्रतिमा प्रसिद्ध केली. तीत दोन पिक्सेलमधले अंतर ५ मायक्रोमीटर आहे. रंगातले तडे पाहायला याहून चांगली सोय नाही.

२५ एप्रिल

तपासणी. प्रत्येक पान साध्या फोनवर, मंद जोडणीवर, आणि नुसत्या कीबोर्डने. मजकूर आणि पार्श्वभूमीतला कॉन्ट्रास्ट किमान ४.५ : १. झूमच्या पानावर बोटाने पान सरकवायला गेले की चित्रच सरकते आणि विद्यार्थी अडकतो, म्हणून चित्राच्या दोन्ही कडांना मोकळी पट्टी सोडली.

यादीतले दुवे सत्र सुरू होण्याच्या दोन आठवडे आधी पुन्हा तपासायचे. मेलेला दुवा सापडला की नोंदणी क्रमांकाने शोधून नवा घालायचा आणि तपासल्याची तारीख बदलायची. आधुनिक आठवड्यातली तिसरी कृती अजून ठरलेली नाही. हक्क असलेल्या चित्रकाराची परवानगी येईपर्यंत त्या जागी खुल्या परवान्याची कृती आणि तिचे तयार पान ठेवले आहे.